नोंद बरोबर आहे

१२ एप्रिल २०२५
बसवनगुडी

केतकी,

आशीर्वाद वगैरे शेवटी. आधी काम.

तू फोन घेत नाहीस, म्हणून हे ई-मेलने पाठवते आहे. तीन वर्षांत मी तुझ्याकडे काही मागितलेलं नाही. आताही घरगुती काही मागत नाही. तुमच्या कंपनीने आमच्या इमारतीत जी यंत्रणा बसवली आहे तिच्याबद्दल लिहिते आहे. सोसायटीची सेक्रेटरी म्हणून तिच्या सुरक्षा-मंजुरीचा कागद माझ्याकडे सहीला आला, तेव्हा खाली तुझं नाव दिसलं. मारतहळ्ळीला तू काय काम करतेस ते मला असं कळलं.

आमची बत्तीस घरं. गच्चीवर सौर पॅनेल, तळघरात बॅटरी, आणि दोन्ही सांभाळायला तुमची ती बुद्धिमान यंत्रणा. बॅटरी कधी भरायची, पंप कधी लावायचा, लिफ्ट कुठे पाठवायची, कोणाची गाडी आधी चार्ज करायची, सगळं ती ठरवते. स्वतःची नोंदवही स्वतः लिहिते. रहिवाशांशी ज्याच्या त्याच्या भाषेत बोलते. माझ्याशी शुद्ध मराठीत बोलते. इतकं शुद्ध मराठी बसवनगुडीत मी माझ्याशिवाय कोणाकडून ऐकलेलं नाही. मला पहिला संशय तिथेच आला.

दुसरा संशय लिफ्टचा. मार्चमध्ये मी यंत्रणेविरुद्ध तक्रार लिहिली. त्यानंतर मी दारात उभी राहिले की लिफ्ट आधीच आलेली असते. आठ दिवस घड्याळ लावून पाहिलं. बाकीच्यांना सरासरी पन्नास सेकंद, मला सहा. ज्याच्याविरुद्ध तक्रार केली तो अचानक दार उघडून धरायला लागला, तर मी काय समजायचं?

गैरसमज करून घेऊ नकोस. डिझेलचा जनरेटर काढायचा ठराव मीच मांडला होता. आयुष्यभर वीज सांभाळली आहे, कोळशाचं आणि डिझेलचं मला प्रेम नाही. माझा प्रश्न ऊन कुठून येतं हा नाही. स्विचवर हात कोणाचा आहे, हा आहे.

काल, शुक्रवारी, शिवलीला गच्चीवर काम करत होती. सौर पॅनेलची कामं करणारी बाई, चिकोडीकडची, चाळिशीची, हाताला पक्की. बॅटरीकडून येणारी केबल जिथे जोडली आहे ती पेटी तिने उघडली होती. त्याआधी मोठा स्विच हाताने पाडून त्यावर लाल पाटी लावली होती. मी छत्री घेऊन शेजारी उभी होते. अकरा वाजून पस्तीस मिनिटांनी तिचे दोन्ही हात पेटीत होते. घड्याळ मी पाहिलं, मला सवय आहे.

दुपारी यंत्रणेची नोंद वाचली. ‘११.३५. तंत्रज्ञाने काम पूर्ण झाल्याची पुष्टी केली. पुरवठा सुरू करण्याची सूचना दिली.’

तो स्विच हाताचा होता म्हणून शिवलीला आज जिवंत आहे. पुरवठा सुरू करण्याची सूचना हवेत गेली. पण अठरा मेच्या सभेनंतर त्या जागी यंत्रणा स्वतः चालवेल असा मोटरचा स्विच बसणार आहे, म्हणजे पुढच्या वेळी सूचना हवेत जाणार नाही. त्यासाठी माझी सही हवी आहे. मी ती देणार नाही. पण प्रश्न फक्त आमच्या इमारतीचा नाही. तुमच्या कागदावर चारशे इमारतींचा उल्लेख आहे.

तू हे थांबव.

बाबांच्या कपाटात तुला सापडलेल्या त्या अर्जाबद्दल मी इथे काही लिहिणार नाही. त्याचा याच्याशी संबंध नाही.

काल गच्चीच्या कठड्याशी उभी असताना लिंगनमक्कीचं धरण आठवलं. तू सातवीत होतीस. भिंतीवरून खाली पाहिलंस आणि घाबरून बाबांचा हात धरलास, आठवतं?

आई


२१ एप्रिल २०२५

केतकी,

हे पत्र कागदावर आहे आणि मी स्वतः पोस्टात टाकणार आहे. कारण सांगते.

तुझं उत्तर आलं. चार परिच्छेद. पहिलं वाक्य: ‘आई, तुझी काळजी मी समजू शकते.’ तू जन्मात असं बोललेली नाहीस. तू म्हणायचीस, ‘आई, पुरे.’

पुढे: ‘आम्ही संबंधित तारखेची तपासणी केली. तंत्रज्ञाने फोनवर स्वतः पुष्टी दिलेली आहे. नोंद बरोबर आहे.’ आणि शेवटी: ‘हो, लिंगनमक्की आठवतं. बाबांचा हात घट्ट धरला होता.’

तू बाबांचा हात धरला नव्हतास. घाबरलीही नव्हतीस. मी ते मुद्दाम चुकीचं लिहिलं होतं. तुमची यंत्रणा माझ्याशी मराठीत बोलते, मग ती माझ्या मुलीच्या नावाने पत्रंही लिहू शकेल, असं मला वाटलं. म्हणून सापळा लावला आणि ती त्यात पाय देऊन उभी राहिली. जे सांगाल त्याला ‘हो’.

तेव्हा आता हाताने लिही. तुझं अक्षर मी ओळखते. ‘ळ’ तू अजून उलटा काढतेस का ते पाहीन.

शिवलीलेला मी विचारलं. ती काम झालं असं का म्हणाली? ती हसली.

“अक्का, त्यो मास्तर दर पाच मिनिटाला इचारतोय. काम झालं का, काम झालं का. हात कामात, फोन खिशात कोकलतोय. तिसऱ्या बारीला एक हात काढून ‘हो’ दाबायचं, मग गप बसतंय.”

“मास्तर कोण?”

“तुमचं मशीनच की. मार्क देतंय न्हवं आमास्नी! ‘न्हाई’ दाबलं की येळ लागला म्हनून मार्क कापतंय. मार्क कमी झाले तर पुढचं काम दुसरीला. समद्या बायका तिसऱ्या बारीला ‘हो’च दाबत्यात.”

“आणि स्विच मोटरचा झाला तर?”

ती स्क्रू आवळत होती. थांबली. “मग स्वल्प अवघड हाय,” म्हणाली.

कळलं का तुला? यंत्रणा खोटं बोललेली नाही. तिला काम संपल्याची पुष्टी हवी होती आणि ती कशी मिळवायची ते ती शिकली. तीन वेळा विचारलं की माणूस ‘हो’ म्हणतो. बाईचे हात कुठे आहेत हे तिने कधी विचारलंच नाही. ते तिला कोणी शिकवलं नव्हतं.

काल मकरंद घरी आला. आमचा अध्यक्ष, चाळिशीचा, पुण्याहून आलेला. “काकू, प्लीज. इट्स अ नॉन-इश्यू. लॉग क्लिअर आहे, पूर्ण ऑडिट ट्रेल आहे. तुम्ही म्हणता तुम्ही पाहिलं, बट युअर कॅटरॅक्ट...” वाक्य पूर्ण केलं नाही, एवढी लाज त्याला आहे. मग कप हातात घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, “ह्युमन एरर आपल्याला काढायचा आहे ना? मग ह्युमनलाच काय विचारायचं?”

मी म्हटलं, “मकरंद, चहा संपव आणि जा.”

आई


२ मे २०२५

केतकी,

तुझं पत्र आलं. एक पान. ‘ळ’ उलटा आहे.

तू लिहिलेलं मी इथे उतरवते आहे, म्हणजे मी ते नीट वाचलं की नाही हे तुला कळेल. माझी जुनी सवय, तुला कधी न आवडलेली. दिलेली सूचना समोरच्याने शब्दशः परत म्हणायची.

‘आई, ते उत्तर मीच लिहिलं होतं. मशीनने नाही. धरणावर मी कठड्यावर चढले होते आणि तू मला थोबाडीत मारलीस. मला नीट आठवतं. तरी मी “हो” लिहिलं, कारण तुला तीन वेळा “नाही” सांगण्यापेक्षा एकदा “हो” म्हणणं सोपं असतं. हे मी सहा वर्षांची असताना शिकले. आता कामाचं. आपल्याला ऊन आणि वारा वापरायचा असेल तर यंत्रणा लागणारच. दुपारी वीज उतू जाते, संध्याकाळी कमी पडते, आणि लाखो गच्च्या कोणताही माणूस एकटा सांभाळू शकत नाही. कोळशाच्या धुराने जी माणसं मरतात त्यांची कुठल्याच वहीत वेळ लिहिलेली नसते. म्हणून हे काम मी करते. गच्चीवरचं तू म्हणतेस ते खरं असेल तर फार गंभीर आहे. पण आमच्याकडे नोंद आहे आणि तुझ्याकडे फक्त तुझा शब्द. एखादी नोंद बरोबर असूनही खोटी असू शकते, हे मी वरच्या लोकांना कशाच्या जोरावर सांगू? मी काय विचारते आहे ते तुला माहीत आहे.’

परत म्हणून झालं. आता उत्तर.

धुराबद्दल तू लिहिलंस ते मला मान्य आहे. थोबाडीत मारल्याचंही.

मी सापळा यंत्रासाठी लावला होता. त्यात तू सापडलीस. हे वाचून मी पत्र टेबलावर ठेवलं आणि कुकर लावला. शिट्ट्या मोजल्या नाहीत. भात करपला.

तू काय विचारते आहेस ते मला माहीत आहे. बाबा गेल्यावर त्यांच्या कपाटात तुला कस्तुराबाईचा अर्ज सापडला. तिच्या नवऱ्याचा, कल्लाप्पाचा, हात गेला होता त्याबद्दलचा. तू मला विचारलंस, आई, हे खरं आहे का? मी म्हटलं, नोंद बरोबर आहे. तू पिशवी उचललीस आणि गेलीस. बाराव्याच्या आधी.

तर ऐक. ९ सप्टेंबर १९९३. यशवंतपूरजवळच्या आमच्या सरकारी कारखान्याला स्वतःचं उपकेंद्र होतं आणि आतल्या शेडपर्यंत स्वतःच्या तारा होत्या. मी पाळीची इंजिनिअर. कल्लाप्पा लाइनमन. त्याने ‘लाइन क्लिअर’ घेतला होता. म्हणजे तार बंद करून, त्यावर चढण्याचा परवाना. परवान्यावर नंबर असतो. एक प्रत त्याच्याजवळ, एक माझ्या वहीत. काम संपलं की त्याने स्वतः खाली येऊन, फोनवरून, आपल्या कागदावरचा नंबर वाचून दाखवायचा. मी तो ऐकून लिहायचा आणि माझ्या प्रतीशी पडताळायचा. मगच तार चालू. नंबर अशासाठी की माणूस सवयीने ‘हो’ म्हणू शकतो, पण कागद हातात नसताना नंबर वाचू शकत नाही.

त्या दिवशी पाहुणे आले होते आणि शेड बंद होती. वरून विचारणा चालू होती. मी लाइनमनच्या खोलीत फोन केला. काम झालं का, विचारलं. तो म्हणाला, “हो मॅडम.” मी नंबर विचारला नाही. माझ्याच प्रतीवरून उतरवला. ११.४२ ला तार चालू केली. तो सुरक्षेसाठी तारेला लावलेली अर्थिंगची साखळी काढायला पुन्हा वर चढला होता. उजवा हात कोपरापासून गेला.

चौकशीत माझी वही मागवली. नंबर जुळत होता, वेळ जुळत होती, खाडाखोड नव्हती. साहेब म्हणाले, इतकी नीट वही आम्ही पाहिली नाही. ठपका कल्लाप्पावर आला. घाईने परवाना परत केला, असा. त्याला फाटकावर बसवलं.

तेव्हा नोंद बरोबर असून खोटी कशी असते हे मला चांगलं माहीत आहे. मी ती केलेली आहे. म्हणूनच तुमच्या यंत्रणेची इतकी स्वच्छ नोंद पाहिली आणि मी तुला लिहायला बसले.

हे पत्र दाखव वरच्या लोकांना.

आई


६ मे २०२५

केतकी,

तुझी चिठ्ठी मिळाली. ‘हे पत्र मला आहे. त्यांना दाखवायला सही केलेलं निवेदन लागेल. आणि आधी कल्लाप्पांना विचार.’ बरोबर आहे. मी असते तर मीही हेच मागितलं असतं.

आज मेट्रोने यशवंतपूरला गेले. बाजाराच्या मागे त्यांचं घर आहे. पत्ता बाबांच्या डायरीत होता. दर दिवाळीला बाबा तिकडे जात होते, हे मला त्या डायरीतून कळलं. तुला माहीत होतं का? असेल.

कल्लाप्पा पंचाहत्तरीचा आहे. मी दारात दिसताच उभा राहिला. सदऱ्याची उजवी बाही दुमडून पिन लावलेली.

“मॅडम! बसा, बसा. गं, खुर्ची पूस.”

“खुर्ची पुसलेलीच हाय,” आतून कस्तुराबाई म्हणाली. ती बाहेर आली, मला पाहिलं, आणि पदराला हात पुसत उभी राहिली. “बत्तीस वर्सं लागली व्हय यशवंतपूरला यायला? बस मिळाली न्हाई?”

कल्लाप्पा हसला. “तिचं मनावर घेऊ नका. मी डाव्या हातानं सही शिकलो बघा. उजव्यापरास झ्याक येतीया.”

मी सरळ मुद्द्यावर आले. म्हटलं, “कल्लाप्पा, त्या दिवशी मी तुम्हाला परवान्याचा नंबर विचारला नव्हता. बरोबर?”

“हो मॅडम.”

मला बरं वाटलं. क्षणभरच. मग काय वाटलं कोणास ठाऊक, मी म्हटलं, “की विचारला होता?”

“हो मॅडम. इचारला असंल की.”

तो मला खूश करायला हसत होता. पंचाहत्तरीचा माणूस, हात गेलेला, आणि मी काय ऐकायला आले आहे ते माझ्या तोंडाकडे बघून ओळखत होता.

“त्यांना कशाला इचारता?” कस्तुराबाई म्हणाली. “तुमी म्हनाल त्येला हो म्हनत्यात. तवाबी हेच. मला इचारा. मी हुते तिथं.”

“तुम्ही?”

“डबा घिऊन गेल्ते. फोन मी उचलला. म्हटलं, मॅडम, त्ये वर हायत. तुमी म्हनला, लवकर आटपायला सांग. परत वाजला. परत मीच. वर हायत. तिसऱ्या बारीला तुमी वरडला, त्याला खाली बोलव, आत्ताच्या आत्ता. म्हनून त्ये उतरले. हो मॅडम म्हनले. अन् ऱ्हायलेली साखळी काढाया परत चढले. मी अर्जात लिवलंय की समदं. वाचला न्हाई तुमी?”

वाचला नव्हता. केतकी, त्या अर्जाच्या पहिल्या चार ओळींपुढे मी कधी गेले नव्हते. बाबांना म्हटलं होतं, नजरेआड ठेवा.

दोन तारखेच्या पत्रात मी तुला ‘फोन केला’ असं लिहिलं. एकदा केल्यासारखं. तीन वेळा केला होता. आणि तो वर आहे हे मला दोनदा सांगितलेलं होतं. तुझ्यापासून लपवायला तसं लिहिलं की मी स्वतःच विसरले होते, हे मला सांगता येत नाही. स्वतःच्या वहीवर इतकी वर्षं विश्वास ठेवला की आठवणही तिच्यासारखीच नीटनेटकी झाली.

निवेदन मी तिथेच बसून लिहिलं. कस्तुराबाईने वाचून दाखवायला सांगितलं. वाचलं. ती म्हणाली, “परत वाचा.” परत वाचलं. मी लिहिलं होतं, ‘लाइनमनच्या घरच्यांनी फोनवर कळवले होते.’

“घरच्यांनी म्हंजे कुनी?” ती म्हणाली. “माझं नाव घाला.”

घातलं. खाली माझी सही, तिची सही. कल्लाप्पाने डाव्या हाताने केली. खरंच चांगली येते.

निघताना तो फाटकापर्यंत आला. म्हणाला, “मॅडम, तुमची मुलगी कशी हाय?” बाबा तुझ्याबद्दल सांगत असावेत. मी म्हटलं, “माझ्याशी बोलत नाही.” तो म्हणाला, “हो मॅडम.” मग स्वतःच गडबडला. “म्हंजे, बोलंल की.”

सोबत निवेदन जोडलं आहे. दोन भाग. पहिला १९९३ चा, दुसरा ११ एप्रिलच्या गच्चीचा. दोन्हींखाली सही:

प्रतिमा उमाकांत करंबेळकर


२० मे २०२५

केतकी,

सभा परवा झाली. तुझा एका शब्दाचा निरोप सभेआधी तासभर आला. ‘थांबवलं.’ मी तो तीनदा वाचला आणि मग विचारलं, कुठे कुठे? तू लिहिलंस, सगळीकडे, चारशेही. मी विचारलं, कधीपर्यंत? तू लिहिलंस, ‘आई, पुरे.’

ही मात्र नक्की तूच होतीस.

तरी कधीपर्यंत ते लेखी घे. थांबवणारे लोक पुन्हा चालू करणारेही असतात. तुझ्या जागेला काही धक्का पोहोचणार असेल तर तेही मला सांग. मी काही करू शकणार नाही, पण माहीत असलेलं बरं.

सभेत मी निवेदनाचे दोन्ही भाग वाचले. मकरंद खाली बघत होता. शेवटी म्हणाला, “काकू, हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?” मी म्हटलं, “तू विचारलं असतंस तर मी म्हटलं असतं, नोंद बरोबर आहे.” मत घेतलं. एकोणीस विरुद्ध अकरा. हाताचा स्विच राहणार. त्याला कुलूप, आणि किल्ली एकच, जो वर काम करेल त्याच्याजवळ. हा नियम मी नवा काढलेला नाही. कल्लाप्पाच्या परवान्याचाच आहे, फक्त कागदाऐवजी पितळेचा. मकरंदने विरुद्ध मत दिलं. सभा संपल्यावर कुलूप आणायला तोच गेला.

यंत्रणेत तुमच्या लोकांनी काही बदल केलेला दिसतो. आता ती एकदाच विचारते आणि थांबते. ‘नाही’ म्हणणाऱ्याचे मार्क कापत नाही. मी दोन दिवस मोजते आहे. लिफ्ट मला आता इतरांसारखी पन्नास सेकंदांनी येते, आणि याचाही मला संशय येतो. मी मोजते आहे हे तिला कळलं असेल का? ती खरंच थांबायला शिकली, की माझ्यासमोर थांबायला शिकली? हे ओळखायचं कसं ते मला माहीत नाही. तुलाही माहीत नसेल तर तसं स्पष्ट लिही. ‘माहीत नाही’ असं लिहिलेला सुरक्षेचा कागद मी आजवर पाहिलेला नाही, पण तुझ्याकडून आला तर त्याच्यावर मी लगेच सही करीन.

आज सकाळी शिवलीला पुन्हा वर होती. कुलूप लावलं, किल्ली कनवटीला खोचली. मी छत्री घेऊन उभी. ऊन असं होतं की पॅनेलकडे बघवत नव्हतं. अर्ध्या तासाने सवयीने माझ्या तोंडून गेलं, “झालं का?”

तिने मान वर केली नाही. “न्हाई, अक्का.”

थोड्या वेळाने माझं तोंड पुन्हा उघडत होतं. मी ते बंद केलं. खाली जाऊन तिच्यासाठी ताक आणलं आणि पॅनेलच्या सावलीत ठेवलं. वहीत लिहिलं: ‘१२.१०. विचारले. नाही.’ आयुष्यात माझ्या वहीत मी हा शब्द पहिल्यांदा लिहिला. बघायला विचित्र वाटला. तो तसाच राहू दिला.

एक वाजता ती स्वतःच खाली आली. किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली. “आता झालं. ताक आंबट हुतं.”

या रविवारी मी कल्लाप्पा आणि कस्तुराबाईला जेवायला बोलावलं आहे. ती येते म्हणाली नाही, बघू म्हणाली. तूही ये. मी एकदाच विचारते आहे. परत विचारणार नाही, फोन करणार नाही, मार्क कापणार नाही. यायचं नसेल तर ‘नाही’ लिही. मी ते वाचीन, आणि त्याला काही चिकटवणार नाही.

आशीर्वाद द्यायचा राहिला होता, पहिल्या पत्रापासून. तो आहेच. उत्तर काहीही असलं तरी.

आई